नाताळगीत कोणाचे? दोन गैरसमज आणि एक दुर्लक्षित वारसा

१/
डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर एक ठरलेला वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, शाळांतून नाताळगीते गाऊन घेणे ही परक्या संस्कृतीची आयात आहे. दुसरा पक्ष म्हणतो, इंग्रजी कॅरोल ही साऱ्या जगाची ठेव आहे, तिला हद्द कसली? दोघेही हिरिरीने भांडतात. मात्र दोघांच्याही बोलण्याच्या मुळाशी एकच गृहीतक असते: नाताळगीत म्हणजे इंग्रजी गीत. हा धागा त्या गृहीतकाविरुद्ध आहे.

२/
येथे तीन विधाने सिद्ध करायची आहेत. पहिले, इंग्रजी कॅरोल वाटते तितकी इंग्रजीही नाही आणि प्राचीनही नाही. दुसरे, ख्रिस्तजन्माचे मराठी काव्य आज गाजणाऱ्या बहुतेक इंग्रजी कॅरोलांहून जुने आहे. तिसरे, कॅरोल जगभर पोचली ती संकलन, छपाई आणि ध्वनिमुद्रण यांच्या बळावर. मराठी गीताला ते बळ मिळाले नाही. तिसरे विधान सर्वांत तातडीचे आहे. कारण शेवटी कळेलच.

३/
आरंभ नाशिकपासून. शरणपूर रस्त्याने रोज हजारो वाहने जातात. त्यांतील फार थोड्यांना 'शरणपूर' या नावाचा अर्थ जाणवत असेल. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभारली. येथे मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहिली, आणि अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलेही येथेच वाढली, शिकली, कसबी कारागीर झाली.

४/
डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला. त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टनच्या दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. 'नाशिकचे चर्च म्हणजे इंग्लंडचा तुकडा' असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आधी पाहावा. या वसाहतीच्या पहिल्या पिढीत मराठी आणि आफ्रिकी माणसे एका छपराखाली होती.

५/
आता पहिले विधान. 'कॅरोल' हा शब्दच मुळात फ्रेंच. अर्थ, फेर धरून नाचताना गायचे गीत. म्हणजे तिचा उगम देवळात नव्हता, अंगणात होता. सतराव्या शतकात इंग्लंडच्या प्युरिटन राज्यकर्त्यांना नाताळचा सणच पाखंड वाटू लागला. १६४७ साली पार्लमेंटने तो रद्द ठरवला. राजेशाही परतली ती १६६० मध्ये. ज्या परंपरेला आज अखंड म्हटले जाते, तिच्यावर खुद्द इंग्रजांनीच बंदी घातली होती.

६/
सर्वांत गाजलेल्या कॅरोलचे उदाहरण घ्यावे: 'हार्क द हेरल्ड'. शब्द चार्ल्स वेस्ली यांचे, १७३९ चे. पहिली ओळ त्यांची नव्हेच. जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी १७५३ मध्ये ती बदलली. चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सोन यांची, १८४० ची, आणि ती बांधली होती छपाईच्या चारशेव्या वर्षानिमित्त गुटेनबर्गच्या गौरवार्थ. ही चाल धार्मिक शब्दांना शोभणार नाही, असे मेंडेल्सोन यांचेच मत होते. १८५५ मध्ये विल्यम कमिंग्ज यांनी दोहोंची गाठ मारली. तोवर वेस्ली आणि मेंडेल्सोन दोघेही हयात नव्हते.

७/
'गुड किंग वेन्सेस्लस'? शब्द १८५३ चे, जॉन मेसन नील यांचे, राजपुरुष बोहेमियाचा, चाल १५८२ च्या 'पिए कांतिओनेस' या लॅटिन संग्रहातील एका वसंतगीताची. 'डेक द हॉल्स'? चाल वेल्श, नववर्षाच्या गीताची. 'सायलेंट नाइट'? ऑस्ट्रियातील ओबरन्डॉर्फ गाव, १८१८, मूळ भाषा जर्मन, आणि पहिल्या गायनाला साथ गिटारची. 'जॉय टू द वर्ल्ड'? आयझॅक वॉट्स यांनी १७१९ मध्ये केलेले ९८ व्या स्तोत्राचे रूपांतर. त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, मरिया नाही.

८/
आणि ज्या गीतावर शाळांच्या स्नेहसंमेलनांत सर्वाधिक मुले नाचतात, ते 'जिंगल बेल्स' १८५७ चे अमेरिकन गीत आहे. त्यात बर्फ आहे, घोडा आहे, घसरगाडी आहे. ख्रिस्ताचे नाव नाही, नाताळचेही नाही. धर्मप्रसाराचा आरोप या गीतावर करणाऱ्यांनी ते एकदा पूर्ण ऐकण्याची तसदी घ्यावी.

९/
यावर कोणी म्हणेल, 'मग इंग्रजांनी चोरीच केली म्हणायची!' मुळीच नाही. उसनवारी हा लोकगीताचा प्राण आहे. लावणीची चाल कीर्तनात येते, कीर्तनाची नाटकात, नाटकाची भजनात. त्याला महाराष्ट्रात कोणी चोरी म्हणत नाही. मुद्दा इतकाच: शुद्ध, एकसंध, केवळ इंग्रजी कॅरोल नावाची वस्तू कधीच नव्हती. जी वस्तू नव्हतीच, तिच्या 'आक्रमणा'ची भीती आणि तिच्या 'श्रेष्ठत्वा'चा गर्व, दोन्ही सारखेच पोकळ.

१०/
आता प्राचीनतेचा दावा. जगभर ज्याकडे नाताळच्या संगीताचे परमोच्च रूप म्हणून पाहिले जाते, तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील 'नऊ वाचने आणि कॅरोल' हा विधी २४ डिसेंबर १९१८ रोजी सुरू झाला. पहिले महायुद्ध संपून जेमतेम सहा आठवडे झाले होते. युद्धात सैन्याचे धर्मगुरू राहिलेले एरिक मिल्नर-व्हाइट यांना उपासनेत नवा जीव ओतायचा होता. मूळ आराखडा ट्रुरोचे बिशप बेन्सन यांचा, १८८० चा. म्हणजे 'सनातन' परंपरेचे वय जेमतेम दीड शतक.

११/
दुसऱ्या विधानासाठी ट्रुरोच्या त्या विधीहून तीन शतके मागे, गोव्यात जावे लागते. १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना व्हायला अजून एकवीस वर्षे होती. भारतात आलेल्या अगदी पहिल्या इंग्रजांपैकी हा एक. त्याने येथील लोकांना ख्रिस्तजन्माची कथा सांगितली ती इंग्रजीत नव्हे, लॅटिनमध्येही नव्हे, मराठी ओवीत.

१२/
त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याच वर्षी तिकडे शेक्सपिअरचे निधन झाले. सुमारे अकरा हजार ओव्या, रचना पुराणाची, आणि मराठीची मनापासून केलेली स्तुती. दुसऱ्या पुराणात बेथलेहेमची कथा येते. वेस्लीच्या शब्दांहून हा ग्रंथ सव्वाशे वर्षांनी जुना. येथे आलेल्या इंग्रजाने मराठी छंद उचलला होता. चारशे वर्षांनंतर नाशिकच्या मुलाला मात्र इंग्रजी चालीशिवाय नाताळ सुचू नये, हा दैवदुर्विलासच.

१३/
'मग ही परंपरा खुंटली का?' उत्तर कटू आहे. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने आज्ञा काढली: स्थानिकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले होते. त्यानंतर छपाई थांबली. जुन्या मुद्रित प्रती नाहीशा झाल्या, ग्रंथ हस्तलिखितांतून जगला. १९०७ मध्ये मंगळूरला तो रोमन लिपीत पुन्हा छापला गेला, देवनागरीत यायला १९५६ उजाडले. मराठी ख्रिस्ती गीताचा गळा प्रथम आवळला तो परकीय ख्रिस्ती सत्तेने. 'चर्च म्हणजे परकी भाषा' म्हणणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. चर्चमध्ये परकी भाषाच उच्च मानणाऱ्यांनी तर पाठच करावा.

१४/
एकोणिसाव्या शतकात दुसरा अध्याय सुरू झाला. प्रारंभी मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे केली, तीही मूळ इंग्रजी चालीवर बसवून. येथे छंदःशास्त्राने दगा दिला. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर, मात्रांवर, लघु-गुरूंवर. इंग्रजी स्तोत्राच्या नेहमीच्या ओळीत पहिले अक्षर दुबळे आणि दुसरे जोरकस असते.

१५/
त्या ओळीच्या आरंभी 'देव' हा साधा शब्द ठेवून पाहावा. 'दे' दीर्घ, भरदार. 'व' बोलताना जवळजवळ विरून जाणारा. इंग्रजी चाल नेमका 'दे'ला ढकलून पुढे जाते आणि सारा भार 'व'वर टाकते. गाणारा 'देवऽऽ' म्हणत राहतो आणि ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. मराठी चर्चमधील भाषांतरित गीते पुष्कळदा अवघडल्यासारखी वाटतात, त्यामागे गाणाऱ्यांची अश्रद्धा नाही की गळ्याचा दोष नाही. सदरा दुसऱ्याच्या मापाने शिवलेला आहे.

१६/
हे सर्वप्रथम ओळखले ते अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) मराठी ख्रिस्ती मंडळींनी. १८६० च्या दशकात तेथे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी देशी चालींवर पदे रचली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, साथीदार, सारे कीर्तनाचेच. आख्यान मात्र येशूचे. लोक थांबून ऐकू लागले, कारण शब्द कळू लागले.

१७/
मग आले नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्म (१८६१), संस्कृतचे शिक्षण नाशिकला, बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईस. 'फुलामुलांचे कवी' म्हणून पाठ्यपुस्तकांनी त्यांना लहान करून ठेवले आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोचलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, आणि मराठी उपासनासंगीतात सर्वांत मोठा वाटा आजही त्यांचाच आहे.

१८/
अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची घडण पाहावी. तिसऱ्या चरणाशी जुळलेले यमक, मग चार अक्षरांचा छोटा चरण, आणि त्या चरणावर टेकलेला श्वास. हा साचा गावकऱ्याच्या कानात जन्मापासून असतो. त्याला तालीम लागत नाही. टिळकांनी येशूला या साच्यात आणले आणि भाषांतराची गरजच संपवली. पुढे उलटी गंगा वाहिली: निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांच्या रचनेचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत गायला गेला. मराठी ख्रिस्ती गीत म्हणजे केवळ भाषांतर, हा आक्षेप येथेच निकालात निघतो.

१९/
'पण मिशन आणि साम्राज्य हातात हात घालून आले, ते विसरायचे का?' विसरू नये. शरणपूरही त्याच काळाचे अपत्य आहे. पण त्या संबंधाची चिकित्सा सर्वप्रथम मराठी ख्रिस्ती माणसांनीच केली, हेही विसरू नये. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. देशी ख्रिस्तभक्ती परक्या पैशावर अवलंबून नसावी, हा त्यांचा आग्रह होता. किंग्ज कॉलेजचा पहिला कॅरोलविधी झाला तो टिळकांच्या आयुष्यातील अखेरचा नाताळ. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

२०/
टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. 'स्मृतिचित्रे' लिहून तिने मराठी आत्मचरित्राची उंचीच बदलली, आणि महाकाव्याचा उरलेला मोठा भाग स्वतः रचला. १९३६ मध्ये नाशिकलाच त्यांचा अंत झाला. ख्रिस्तचरित्राचे मराठी महाकाव्य ज्या शहरातल्या बाईने पूर्ण केले, त्या शहरात नाताळगीत परके कसे?

२१/
चैत्रात काळाराम मंदिरात रामजन्माचा पाळणा गायला जातो. श्रावणात घरोघरी कृष्णाचा. मराठी मंडळ्यांत ख्रिस्तजन्माचाही पाळणा गातात. तान्ह्या देवाला जोजवण्याची ही तऱ्हा बेथलेहेमहून आलेली नाही, लंडनहूनही नाही. ती येथल्या आयाबायांची आहे. कॅरोलला मराठीत खरा प्रतिशब्द शोधायचा असेल तर तो 'पाळणा' हाच.

२२/
'वाद्ये तरी परकी ना?' हा आक्षेपही येतो. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या द्बँ यांनी १८४२ च्या सुमारास घेतले. तीच पेटी आज प्रत्येक भजनी मंडळात, प्रत्येक कीर्तनात आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला 'अभारतीय' ठरवून बंदी घातली. श्रोत्यांनी ती बंदी मनावर घेतली नाही. पेटी देशी होऊ शकते, तर पाळण्यातला येशू परका कसा राहतो?

२३/
आता तिसरे विधान, आणि खरे दुखणे. इंग्रजी कॅरोल टिकली ती कोणीतरी ती टिपली म्हणून. डेव्हिस गिल्बर्ट यांनी १८२२ मध्ये, विल्यम सँडिस यांनी १८३३ मध्ये विझत चाललेली गीते छापली. १९०३ मध्ये व्हॉन विल्यम्स यांनी सरे परगण्यातील फॉरेस्ट ग्रीन येथे एका गावकऱ्याकडून एका नांगऱ्या पोराचे गाणे उतरवून घेतले. १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल'मध्ये तीच चाल 'ओ लिटल टाउन'ला लावली. गावकरी गायला, कोणीतरी वही उघडून बसले, आणि चाल अमर झाली.

२४/
पुढचे काम यंत्रांनी केले. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी कर्ण्यासमोर मोजकीच माणसे दाटीवाटीने उभी करावी लागत; मोठा गायकवृंद त्यात मावत नसे. विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये प्रचंड वृंदाच्या कंठातून 'अदेस्ते फिदेलिस' मुद्रित झाले. १९२८ पासून बीबीसीने किंग्ज कॉलेजचा विधी प्रक्षेपित केला. १९३० चा अपवाद सोडता तो दरवर्षी वाजतो. १९५४ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला. १९६१ मध्ये 'कॅरोल्स फॉर क्वायर्स' निघाले आणि डेव्हिड विलकॉक्स यांच्या चौपदरी बांधण्या शाळाशाळांत पोचल्या.

२५/
'परंपरा' म्हणून जे कानावर येते ते असे घडले: वही, छापखाना, तबकडी, रेडिओ. विलकॉक्स यांची बांधणी सुंदर आहे, यात वाद नाही; ती ऐकावी, गावी, शिकवावी. पण तिचा जगभरचा पसारा केवळ सौंदर्याने झालेला नाही. मराठीतच पाहा: नाट्यसंगीताला तबकडी लाभली, म्हणून बालगंधर्वांची पदे आजही जशीच्या तशी ऐकता येतात. भजनी चालींचे तसे भाग्य नव्हते.

२६/
मराठी गीतपुस्तकांची रीत शब्द छापण्याची. चाल बहुधा एका ओळीत सुचवलेली असते: अमुक पदाप्रमाणे. ते 'अमुक पद' विसरले गेले की चालही गेली. शब्द कागदावर उरतात, गाणे उरत नाही. शरणपुरात, अहिल्यानगरच्या वाड्यावस्त्यांत, वसईच्या गावांत ज्या चाली अजून ऐकू येतात, त्या वृद्धांच्या गळ्यात आहेत. आणि माणसाचा गळा हे अत्यंत नाशवंत दफ्तर आहे.

२७/
म्हणून दोन्ही पक्षांना एकच प्रश्न. संस्कृतिरक्षकांनो, चारशे वर्षांचे हे मराठी धन तुमच्या 'संस्कृती'त का मोजले जात नाही? आणि कॅरोलप्रेमींनो, ज्या इंग्रजांचे अनुकरण करता, त्यांची मुख्य सवयच का उचलली नाही? त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन गाणी उतरवून घेतली. तुम्ही त्यांनी उतरवलेली गाणी तयार संगीतपट्टीवर गाता आणि त्यालाच वारसा म्हणता.

२८/
व्हॉन विल्यम्स यांच्याकडे १९०३ मध्ये वही आणि पेन्सिल होती. आज इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रणयंत्र आहे. येत्या नाताळात एखाद्या मराठी मंडळीतील सर्वांत वृद्ध गाणाऱ्याशेजारी बसावे. गीताचे पहिले चरण, चालीचे नाव, ती कोणाकडून शिकली, कोणत्या गावी, हे विचारून घ्यावे आणि मग पूर्ण गीत मुद्रित करावे. त्यांची परवानगी घ्यावी, नाव-गाव-दिनांक नोंदवावा, एक प्रत त्यांच्या घरी द्यावी.

२९/
'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला आणि मराठी झाला. आज त्याचे पारपत्र कोणी मागत नाही. गीतही असेच घरचे होते: गाणाऱ्याच्या भाषेत, गाणाऱ्याच्या श्वासात. स्टीफन्सला हे १६१६ मध्ये कळले होते, टिळकांना आणि लक्ष्मीबाईंना तर कळलेच होते. त्यांचे शब्द छापलेले आहेत. त्या शब्दांच्या चाली जाणणारी पिढी मात्र दर डिसेंबरला थोडी लहान होत आहे, आणि वाद घालणारे दोन्ही पक्ष तिच्या दारावरून तसेच पुढे जात आहेत.

(धागा समाप्त)